भोपळा शनिवारी कापला

बायको गेली तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्या गावात बाजार भरतो. त्या गुरुवारी आमच्या घरातून बाजारात कोणी गेलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात आठवडा असा सुरूच झाला नाही. मी शाळेत जात होतो, मुलांना शिकवत होतो, परत येत होतो. पण घरी मी आणि माझ्या सासूबाई, दोघेही एकमेकांच्या भरवशावर बसलो होतो. गॅस फोडणीच्या वेळी संपला. भिजत घातलेले कपडे वास येईपर्यंत भिजले. आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्याचं त्यांना चक्कर आल्यावर कळलं. हे ऐकून माझा मेहुणा किनवटहून फोनवर म्हणाला, "भाऊजी, एक महिना पाहतो. मंग आईले मी घेऊन जातो."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण सासूबाई 'चहा घेता का' असं विचारतात, तेव्हा शेवटचा 'का' त्यांच्या मुलीच्या 'का'सारखाच वर जातो. त्या गेल्या तर घरात तो स्वर राहणार नव्हता. हे मेहुण्याला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी नियोजन करायला घेतलं.

मी वाचणारा माणूस, त्यामुळे आधी त्यावर वाचलं. रविवारी संध्याकाळी निवांत बसायचं, काय झालं, काय राहिलं, का राहिलं ते पाहायचं आणि पुढची कामं वारांवर वाटायची. मी तक्ता आखून फ्रिजच्या दाराला चिकटवला आणि सासूबाईंना बैठकीला बोलावलं. त्या पदर सारखा करून खुर्चीत ताठ बसल्या. त्यांना वाटलं, शाळेतून कोणी साहेब येणार आहे.

"आई, मागच्या आठवड्यात काय चांगलं झालं?"

"कोनाचं?"

"आपलं. घराचं."

त्यांनी बराच विचार केला. "तुमी दाढी केली."

"आणि सुधारणेला कुठे वाव आहे?"

"मिशी राह्यली."

मी दोन्ही लिहून घेतलं.

पण तक्त्याप्रमाणे काहीच होईना. सोमवारी शिंपी, मंगळवारी गोळ्या, बुधवारी गॅसचा नंबर. दर रविवारी मी तीच कामं सुबक अक्षरात पुढच्या आठवड्यात ढकलायचो. शेवटी सासूबाईच वैतागल्या. "रविवारी काऊन बसता जी? रविवारी तं टोपल्यात वांगे रायते."

मला अर्थ लागला नाही. मग त्यांनी, अडाणी मुलाला सांगावं तसं, सावकाश सांगितलं. त्यांच्या मुलीचा आठवडा वारांचा नव्हताच, भाज्यांचा होता. बाजारातून आलेली मेथी पहिल्या दिवशी, कारण ती थांबत नाही. मग भेंडी, मग वांगी, मग कोबी. भोपळा शेवटी, कारण तो कितीही थांबतो. बुधवारी टोपलं रिकामं, म्हणून झुणका. मेथी निवडताना आठवड्याची कामं ठरायची. वांग्यांच्या दिवशी इस्त्री. भोपळा कापला की गोळ्यांचं पाकीट पाहायचं आणि सिलिंडर हलवून गॅस किती उरला ते पाहायचं. झुणका ढवळताना काय काय राहून गेलं ते मायलेकी बोलायच्या. मी तिथेच ओट्याजवळ पुस्तक वाचत बसलेला असायचो. मला वाटायचं, तिला झुणका आवडतो.

"तिले?" सासूबाई म्हणाल्या. "नाकाले पदर लावून करे!"

मी आढावा रविवारवरून बुधवारवर आणला, तक्ता गुरुवारपासून सुरू केला आणि वारांच्या शेजारी भाज्या लिहिल्या. कामं होऊ लागली. गोळी एकदाही चुकली नाही.

मग महिना भरत आला असताना, एका शनिवारी मी शाळेतून भुकेला आलो. सासूबाई झोपल्या होत्या आणि भोपळा समोर होता. मी तो कापला. सगळा कापला, थोडासा भोपळा कापणं मला जमत नाही.

सासूबाई उठल्या, भोपळ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. "जवाईबापू, गोळ्या!" मी जवळच्या नेरडीगोंड्याच्या मेडिकलमधून महिन्याच्या गोळ्या आणल्या. सिलिंडर हलवला, रिकामा वाजला, बदलला. राहिलेली वांगी आणि कोबी त्यांनी शेजारी वाटून टाकली, कारण भोपळ्यानंतर वांगी कोण करतं? रविवारी सकाळी झुणका झाला, टोपलं धुऊन उपडं पडलं आणि सासूबाई थैली घेऊन दारात बसल्या.

नेमका तेव्हाच मेहुणा आला, आईचं सामान बांधायला दोरी घेऊन.

"कुठं चालली, आई?"

"बाजाराले."

"आज रविवार हाय!"

"वार मले समजते. टोपलं खाली झालं."

त्याने मला कोपऱ्यात ओढलं. "भाऊजी, आईले भरम होऊन राह्यला काय?"

"नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मी भोपळा शनिवारी कापला."

मी त्याला तक्त्यापाशी नेऊन सगळं समजावलं. त्यामुळे परिस्थिती सुधारली नाही. 'वांगी: इस्त्री' आणि 'भेंडी: बँक' एवढं वाचून तो खुर्चीत बसला आणि त्याने पाणी मागितलं. "दोघालेबी न्या लागते," तो म्हणाला.

मग त्याने तपासणी सुरू केली. गोळ्या होत्या. गॅस होता. कपडे घडी घालून कपाटात होते. मंगळवार-बुधवारची कामंसुद्धा आधीच झालेली होती. त्याला बोट ठेवायला जागा सापडेना.

"तरी चाल, आई," तो म्हणाला.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "कशी येऊ लेका? या मानसाले भोपळा कवा कापा लागते ते समजत नाही. एकटं सोडलं तं दसऱ्याच्या आधी दिवाळी करतीन."

मेहुणा आधी हसला, मग मी. सासूबाई हसल्या नाहीत. त्या गंभीरपणे बोलत होत्या. बाजार नाहीच, हे मान्य करायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला. मेहुण्याने झुणका-भाकर खाल्ली, दोरी परत डिकीत टाकली आणि तो किनवटला गेला.

आता भोपळा सासूबाईंच्या पलंगाखाली असतो. आढाव्यात प्रश्न त्या विचारतात आणि उत्तरं मी देतो. तिचा फोटो मधल्या खोलीत आहे. घरात आम्ही दोघे राहतो.