नागूमावशीचं नाक

नागूमावशी माणसाला आधी हुंगायची, मग ‘या’ म्हणायची. ही माझ्या बायकोची मावशी. नव्वद-एक्क्याण्णव साली मी नवीन पनवेलला गवंडीकामाला आलो, तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडेच उतरलो, खाडीकाठच्या गावात. सासरचं घर म्हणून मी डोक्याला वासाचं तेल थापलेलं. पाया पडायला वाकलो तर म्हातारीनं नाक टाळूजवळ आणलं.

“तेल फुकाट घालवलंत, जावयबापू. घाम लपला नाय. कामाचा मानूस हाय. या.”

गावामागं केमिकलच्या कंपन्या. त्यांचं पाणी खाडीत आणि धूर गावात. मी घाटावरचा, मला काय ठाऊक! पहिल्याच दिवशी बनियन धुऊन वाळत घातलं. संध्याकाळी बघतो तर त्याची चाळण. मी उंदरांना शिव्या घालत बसलो आणि शेजारणी हसून बेजार.

“भावजी, वारा बगून कापडं घालायची!”

तिथं सकाळी बायका एकमेकींना ‘चा झाला का’ विचारायच्या नाहीत. ‘वारा कुठला?’ विचारायच्या. कंपनीकडचा असला की खिडक्या बंद, पोरं आत, भात झाकून.

मावशीचा नवरा त्याच खाडीत जाळं टाकायचा आणि मावशी पनवेलच्या बाजारात म्हावरं विकायची. पण एकेक मासा नाकाशी धरून. रॉकेलचा वास आला की फेकला. कधी कधी अर्धी पाटी जायची. मी एकदा शहाणपणा केला, “मावशी, तिखट जास्त मारलं की कुणाला कळणार नाही.”

“तुमाला नाय कलनार. काल वांग्याच्या कालवनात काटं शोदत व्हतात.”

बाजारात तिचं गिऱ्हाईक मासा उलटून बघायचं नाही. नागूबायनं हुंगलाय, एवढं पुरे.

गावानं अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठं एक साहेब तपासायला आला. नाकाला रुमाल लावून. बाप्ये सगळे कामावर. घरी मी एकटाच, कारण बांधकामाच्या परांचीवरून घसरून पाय मुरगळून बसलेलो.

मावशी म्हणाली, “साएब, रुमाल काडा, मंग काय ते लिवा.”

रुमाल काही निघाला नाही. साहेबानं कागद लिहिला, म्हणाला, “साक्षीदार पाहिजे. वाचून सही करा.” मला तेव्हा सही तेवढी येत होती, वाचता येत नव्हतं. पण एवढ्या बायकांसमोर सांगू कसं? ओठ हलवले, दोनदा मान डोलावली, “बरोबर आहे” म्हटलं आणि सही ठोकली. खाली दोन रेघासुद्धा ओढल्या.

संध्याकाळी शेजारच्या पोरीनं कागदाची नक्कल वाचून दाखवली. ‘उग्र वास आढळला नाही.’

मावशी बोंबलली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, “साएबानं रुमालातून हुंगलं. तुमी तर नाकच काडून दिलंत.”

मी लंगडत त्या ऑफिसात गेलो.

“सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग?”

चार वेळा गेलो. चारही वेळा सही माझीच निघाली.

तीन वर्षं गेली. खाडी तशीच, वारा तसाच. एक दिवस मावशीचं जुनं गिऱ्हाईक जिताडा परत घेऊन आलं. असं कधीच झालं नव्हतं. मावशीनं तो घरी आणून माझ्या नाकाशी धरला.

“हुंगा.”

‘वास नाही’ म्हणावंसं फार वाटलं. पण एकदा खोटी साक्ष दिली होती, पुन्हा कुठल्या तोंडानं देऊ?

“रॉकेल आहे, मावशी.”

तिनं स्वतः हुंगला. परत हुंगला. मग पाटी पत्र्यावर पालथी घातली. पुन्हा बाजारात गेली नाही.

त्याच वर्षी आम्ही कामोठ्यात खोली घेतली. निघताना पाया पडायला वाकलो, तर सवयीनं म्हातारीचं नाक टाळूजवळ आलं. मी मुद्दाम तेल लावलं नव्हतं. सामान उचलून घामानं नुसता निथळत होतो. ती बराच वेळ तशीच थांबली.

“साएबाचा कागद खरा झाला, जावयबापू,” म्हणाली. “वास नाय.”