हातातल्या पिशवीसकट

भाऊजी गेल्याचा फोन गिरणीत आला, तेव्हा मी काट्यावर भाताचं पोतं चढवत होतो. पलीकडून ताई एवढंच म्हणाली, "नंदू, ये." बाकीचं मला कळलं. पेणहून रोह्याला जाताना वडखळच्या नाक्यावर नेहमीसारखी गाडी अडकली, पुढे गडब आलं, आणि तिथली दुकानं दिसताच मी सवयीने मान दुसरीकडे वळवली. ही सवय मूळची भाऊजींची. गेली काही वर्षं ते माझ्याबरोबर या रस्त्याने जाताना गडबला गाडी थांबवू देत नसत. चहा पुढे नागोठण्याला घेऊ म्हणत. त्यांनी असं का करावं, हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहत होतो. त्याबद्दलच लिहायचं आहे.

वसंत भाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे रोह्याचे. मुंबईत विमानांच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना समुद्रातल्या एका लहानशा बेट-देशाच्या विमान कंपनीत नोकरी लागली. ताई आणि भाची त्यांच्याबरोबर गेल्या. कोणत्या विमानात किती माणसं, किती सामान आणि किती इंधन घेता येईल, याचा हिशेब ते मांडत. त्या देशातल्या हॉटेलांत आणि कापडाच्या कारखान्यांत आपल्या भागातलीही बरीच माणसं होती. ती सुट्टी संपवून परत निघाली की सोबत घरचे पोहे, पापड, वाल, सुकी मासळी, लोणच्याच्या बरण्या असं सगळं जायचं.

मग कंपनीने लांब पल्ल्यासाठी नवं विमान घ्यायचं ठरवलं. त्या सुट्टीत भाऊजी आले ते सरळ माझ्या पोह्यांच्या गिरणीत, आणि पोत्यांचा मोठा काटा चार दिवस संध्याकाळी मागू लागले. मला वाटलं, थट्टा करताहेत. ते म्हणाले, विमान विकणाऱ्यांच्या कागदावर प्रवासी आणि त्याचं सामान यांचं एक ठरलेलं वजन असतं, पण ते वजन आपल्या माणसाचं नाही. परत जाणाऱ्यांना त्यांनी निरोप धाडले. माणसं बोचकी घेऊन यायची, भाऊजी प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करायचे. कोणी हातातली पिशवी खाली ठेवू लागला की म्हणायचे, "ती हातातच राहू दे. विमानात काय बाहेर लोंबकळत नेणार आहेस?" गडबच्या पार्वतीबाई त्यांच्या मुलाला, रमेशला, घेऊन आल्या होत्या. तो काट्यावर उभा राहिला तशा त्या म्हणाल्या, "काय वो, पोराला इकाय काढलाय का? मंग भाव तरी चांगला लावा." सगळे हसले. भाऊजीही हसले, पण आकडा टिपायला विसरले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मला सगळं समजावलं. त्या बेटाच्या आसपास दुसरा विमानतळ नाही. हवा बिघडली तर वर घिरट्या घालत थांबावं लागतं, म्हणून जास्तीचं इंधन शिल्लक ठेवूनच तिथे पोचायचं. धावपट्टी आखूड, वर पावसाने ओली. एवढं इंधन पोटात घेऊन उतरायचं तर वजनाला मर्यादा येते, आणि इंधन कमी करता येत नाही, तेव्हा कमी होणार ते सामान, आणि विमान जितकं जड तितकं जास्त. मंत्र्यांना आणि संचालकांना चार इंजिनांचं एकच मोठं, कोरं विमान हवं होतं. देशाचा झेंडा शेपटीवर शोभून दिसला पाहिजे. भाऊजींचं म्हणणं, दोन इंजिनांची, थोडी वापरलेली, मध्यम आकाराची दोन विमानं घ्या. एक बिघडलं तर दुसरं उडेल. एकच असेल तर ते बिघडलं त्या दिवशी देशाची विमानसेवाच बंद. दोन इंजिनांच्या विमानालाही अडचणी होत्याच. समुद्रावर किनाऱ्यापासून फार दूर जायला त्याला वेगळी परवानगी लागायची, ती मिळेपर्यंत लांबचा वळसा. तरी त्यांचा कौल ठाम होता, आणि त्यांच्या सहीशिवाय प्रस्ताव पुढे जात नव्हता.

ते परत गेले आणि काही दिवसांनी ताईचा फोन आला. सही केली नाही तर पुढचा करार मिळणार नाही असं यांना सुचवलंय, मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, तू बोल, तुझं ऐकतात. मी बोललो. मोठ्या ऐटीत बोललो. "भाऊजी, विमान त्यांचं, देश त्यांचा. तुम्ही कशाला आडवे पडता?" ते म्हणाले, "बरं." पुढच्या आठवड्यात त्यांनी सही केली.

मोठं विमान आलं आणि पावसाळ्यात मुंबईहून निघालेल्या माणसांचं सामान मागे राहू लागलं. माणूस आज पोचायचा, बोचकं पंधरवड्याने, कधी महिन्याने. पोह्यांना जाळी लागलेली, पापड ओले, मासळीचं तर विचारू नका. इथे एक गोष्ट अशी झाली की तिची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. माझ्या काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसांची समजूत होती की इंजिनिअरसाहेबांनी वजन केलं म्हणजे आपलं सामान पास झालं, आता ते अडणार नाही. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण तसं नाही हेही कोणी सांगितलं नव्हतं. रमेशचं बोचकं राहिलं, तेव्हा सुट्टीवर आलेल्या भाऊजींना पार्वतीबाईंनी गडबच्या नाक्यावर, भर दुकानात गाठलं. "मोजून मोजून घेतलंव, आन् ठेवलंव मागंच? मंग मोजलंव कशाला?" भाऊजी म्हणाले, "चुकलं माझं." तेवढंच. मी शेजारी उभा होतो. या माणसाने याच विमानाला विरोध केला होता, हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न आला असता, मग सही का केली? त्याचं उत्तर माझ्याशी येऊन थांबत होतं. मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.

भाचीची शाळा संपल्यावर ते सगळे कायमचे रोह्याला आले. गावाकडे त्यांचं नाव 'काटेवाले' असं पडलं होतं, आणि ते प्रेमाने घेतलं जात नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर एकदा त्यांच्या ओटीवर बसलो असताना मी धीर करून म्हणालो, की भाऊजी, माझ्यामुळे झालं ते. ते सुपारी कातरत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "तू स्वतःला फार मोठा समजतोस, नंदू. सही माझी आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि लहान कंपनीला बरोबर बसेल असं विमान कोणी बनवतच नाही रे. ती बनतात मोठ्यांसाठी. आपण फक्त ठरवायचं, कोणाची गैरसोय करायची. मी माझ्या पोरीची नाही केली, दुसऱ्यांच्या पोरांची केली." मला हलकं वाटावं म्हणून ते असं बोलले की खरंच तसं मानत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचे दिवस झाल्यावर मी गिरणी उघडली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पार्वतीबाई आल्या, सोबत रमेश. तो सुट्टीवर आला होता, आता परत निघाला होता. "काटेवाले गेले म्हनं," त्या म्हणाल्या. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं, माझ्या त्या फोनसकट. शेवटी त्या म्हणाल्या, "मंग तवा का नाय सांगितलंव? मी नाय नाय तं बोलले त्यांना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या, पण रमेशला म्हणाल्या, "चढ त्यावर. बघ किती भरतंय."

रमेश काट्यावर चढला. पाठीवर बोचकं, हातात पोह्यांची पिशवी. वाकून विचारू लागला, "काका, ही खाली ठेवू?"

"नको," मी म्हणालो. "हातातच राहू दे."