बॅकअप वाचवणारा शोध

२००२ साली, पेरणीच्या तोंडावर, नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचा सर्व्हरची डिस्क भरली आणि बिलं निघेनात. सर्व्हर सांभाळणाऱ्या अरुंधतीला कित्येक रविवार सुट्टी मिळाली नव्हती. जुन्या फाइली शोधून पुसायची कमांड तिनं टाइप केली आणि ती थबकली. बॅकअपची, म्हणजे राखीव प्रतींची, डिस्कही याच सर्व्हरला जोडलेली होती. शोध तिथंही शिरला असता आणि त्या प्रतीही पुसल्या गेल्या असत्या.

"मॅडम, जल्दी करा, गाड्या उभ्या हायेत," गोदामातले रामकिसन म्हणाले.

"आधी नुसती नावं बघते, मग पुसते."

तिनं पुसण्याचा भाग काढला, शोध एकाच डिस्कपुरता ठेवणारं '-xdev' जोडलं आणि जळजळत्या डोळ्यांनी नावं वाचली. मग निवडक फाइली पुसल्या. बिलं सुरू झाली. रामकिसन बिलं घेऊन गाड्यांकडे धावत गेले. अरुंधतीनं टेबलावर डोकं टेकवलं. आनंद व्हायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.