मैत्रिणीच्या वडिलांबरोबर बोटीत

मे महिना आला की स्टेट कॉलेज, आमचं अमेरिकेतलं विद्यापीठाचं गाव, रिकामं होतं. कॅम्पसच्या बसेस निम्म्या होतात, अपार्टमेंटच्या मागे टाकून दिलेले सोफे दिसायला लागतात, आणि आमच्यासारखी मंडळी लॅबमधल्या एसीच्या घरघरीत बसून राहतात. त्या उन्हाळ्यात मात्र माझ्या दोन रूममेट्सनी मला बसू दिलं नाही. एक स्वीडनची, एक नॉर्वेची. "आम्ही घरी जातोच आहोत, तू पण चल. आधी हिच्याकडे, मग माझ्याकडे," नॉर्वेची म्हणाली.

मी घाबरट आहे, हे सांगून टाकते. अमेरिकेतून बाहेर पडलं की परत आत घेतील ना, ही भीती माझ्यासारख्या व्हिसावरच्या प्रत्येकालाच असते. पण मला त्याखेरीज कुत्र्यांची, उंचीची आणि सगळ्यात जास्त पाण्याची भीती. लहानपणी साताऱ्याजवळ मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडलं होतं, तर मी अशी किंचाळले की शेजारच्या रानातली माणसं धावत आली. माझं पोहणं तिथेच संपलं.

स्वीडनमधलं घर तळ्याकाठी निघालं. तिथे सगळे नाश्त्याच्या आधी पाण्यात उड्या मारायचे. मैत्रिणीची आई रोज मला बोलवायची आणि मी रोज सर्दी झाल्याचं सांगायचे. शेवटी त्या माउलीने मला लोकरीचे मोजे आणून दिले.

स्वीडनची तिच्या घरीच राहिली आणि आम्ही दोघी पुढे निघालो. नॉर्वेतल्या मैत्रिणीचं घर तर बेटावरच होतं. फेरीबोटीतून उतरलो तेव्हा तिचे वडील धक्क्यावर उभे होते. उंच, रुंद खांद्यांचे, जहाजं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले. इंग्रजी समजायचं, पण बोलायला संकोचायचे, त्यामुळे माझ्याशी मान हलवण्यापलीकडे काही नाही. तिकडे लहानमोठे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पासष्टीच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी आपलं 'काका' म्हणाले, तर मैत्रीण हसत सुटली.

"अगं, आमच्याकडे काका म्हणजे केक! तू बाबांना केक म्हणतेयस."

त्यांचाही ओठ जरासा हलला. मग मी त्यांना काकाच म्हणायला लागले.

जेवायला बसलं की ते शर्ट थोडा वर करून पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायचे, आपण मीठ वाढून घ्यावं तितक्या सहज. दंडावर एक पांढरी चकती चिकटवलेली होती. ती साखर मोजते आणि कमी झाली की त्यांचा मोबाइल ओरडतो, असं मैत्रिणीने सांगितलं. माझ्या बाबांनाही डायबेटिस आहे, पण असलं काही नाही. त्यांची साखर उतरली की आईला त्यांच्या बोलण्यावरूनच कळतं.

एका सकाळी मैत्रीण आणि तिची आई सामान आणायला फेरीने पलीकडे गेल्या. काका खेकड्यांचे सापळे काढायला निघाले होते. दारात थांबून त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग बोटीकडे. नको म्हणायचं मला धैर्य झालं नाही. मोबाइल भिजेल म्हणून स्वयंपाकघरातच ठेवला, मळमळेल म्हणून आईने पाठवलेल्या आल्याच्या वड्या खिशात टाकल्या, आणि त्यांनी दिलेलं लाइफ जॅकेट श्वास अडकेल इतकं घट्ट आवळलं.

बोट लहान होती, आमच्या लॅबच्या टेबलाएवढी. मी फळी दोन्ही हातांनी धरून बसले. पाणी काळं होतं, तळ दिसत नव्हता. काकांनी इंजिन बंद केलं आणि सापळ्याची खूण म्हणून तरंगणाऱ्या लाल गोळ्याची दोरी ओढायला लागले. पहिला सापळा वर आला, खेकडे बादलीत पडले. दुसऱ्या सापळ्याची दोरी ओढता ओढता ते थांबले. दोरी हातातून सुटली, सरसर पाण्यात गेली, आणि ते नुसते बघत राहिले.

त्यांच्या जाड रबरी कपड्यांच्या आतून काहीतरी वाजत होतं. टीं टीं, टीं टीं. मला आधी वाटलं इंजिनाचं काही असेल. मग चकतीची आठवण झाली. तो त्यांचा मोबाइल होता.

"काका? आर यू ओके?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. कपाळावरून घाम निथळत होता, गार वारा असून. ते नॉर्वेजियनमध्ये माझ्यावर काहीतरी खेकसले, उठून उभे राहिले आणि लाइफ जॅकेटचा पट्टा सोडायला लागले. बोट एका बाजूला कलली. हा माणूस आता पाण्यात पडणार, आणि मी त्याला काढू शकणार नाही, आणि मग मी इथे एकटीच उरणार, एवढंच मला दिसत होतं.

उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून रांगत त्यांच्यापर्यंत गेले. बादली लवंडली. खेकडे माझ्या हातांखालून पळत होते. मी त्यांचा पाय धरला आणि मराठीतच ओरडले, "काका, बसा! खाली बसा!"

"काका?" ते म्हणाले. एकदम लहान मुलासारख्या आवाजात. आणि इकडेतिकडे बघत, जणू कुठे ठेवलाय केक, असे खाली बसले.

मी वडीचा कागद दातांनी फाडला. पहिली वडी त्यांनी थुंकली, आलं झोंबलं असणार. माझा हात इतक्या जोरात झटकला की कोपर फळीवर आपटलं. आमचे बाबा असेच करतात. साखर उतरली की त्यांना आई शत्रू वाटते, आणि आई त्यांच्याशी वाद न घालता भरवत राहते. मी दुसरी वडी चुरून त्यांच्या हातावर ठेवली. "काका, खा. केक. गुड केक." ते खायला लागले. हळूहळू चावत, माझ्याकडे संशयाने बघत.

तेवढ्यात मागे पाण्याचा वेगळा आवाज आला. वळून पाहिलं तर आम्ही खडकाजवळ वाहत आलो होतो. इंजिन कसं सुरू करतात ते मला माहीत नव्हतं. वल्हं उचललं आणि बसल्या बसल्याच खडकाला टेकवून ढकललं. बोट थोडी सरकली, परत आली. परत ढकललं. मी रडत होते आणि ढकलत होते, आणि मधूनच मागे वळून त्यांना वडी देत होते. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

मग मागून आवाज आला, शांत, नेहमीचा. "गिव्ह मी."

त्यांनी माझ्या हातातून वल्हं घेतलं, एका रेट्यात बोट खडकापासून दूर नेली. वड्यांचे कागद पाहिले, बोटीत फिरणारे खेकडे पाहिले, माझं तोंड पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. इंजिन सुरू करण्याआधी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पण मैत्रिणीची आई परतली, सामान ठेवून बटाटे सोलायला बसली, आणि म्हणाली, "कशी झाली सफर?" तेव्हा मला खोटं बोलवेना. तो माणूस उद्या एकटा जाईल, हेच डोळ्यांसमोर होतं. मी सगळं सांगितलं.

तिने सुरी खाली ठेवली. बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलली. आरडाओरडा नाही, दार आपटणं नाही. आमच्याकडे असलं भांडण अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असतं. इथे नुसते हलके आवाज, आणि मध्ये मध्ये लांबलचक शांतता. मला त्या शांततेची पाण्याइतकीच भीती वाटली. बोटीची किल्ली तिने आपल्या एप्रनच्या खिशात टाकली.

त्यानंतर काकांनी माझ्याकडे पाहणं सोडलं. लोणी पुढे सरकवायचे, पण नजर ताटात. परक्याच्या घरी, बेटावर, ज्याच्या छताखाली झोपते त्यालाच मी दुखावलं होतं. मैत्रीण म्हणाली, "ते तुझ्यावर नाही चिडलेत यार, स्वतःवर चिडलेत." मला काही पटलं नाही. मी आईला फोन केला.

"बरं केलंस सांगितलंस," आई म्हणाली. "पण आता जरा बेताने राहा. पाहुणी आहेस."

मागून बाबा बोलले, "चिडू दे त्यांना. मी नाही का चिडत? आणि सकाळी न्याहारी केली होती का त्यांनी, ते विचार."

केली नव्हती. सुई टोचून घेतली होती आणि खेकड्यांच्या घाईत पाव तसाच राहिला होता. हे मैत्रिणीच्या आईने मागाहून शोधून काढलं.

निघायच्या आदल्या सकाळी मी दारापुढच्या ओट्यावर कॉफी घेत उभी होते, मैत्रीण शेजारी बसली होती. काका आले आणि समोर लाइफ जॅकेट धरलं. बायकोने अट घातली होती, बरोबर कुणी असेल तरच किल्ली मिळेल. मैत्रीण लगेच उठली, "मी येते, बाबा." त्यांनी नकारार्थी मान हलवली. जॅकेट माझ्यासमोरच धरून ठेवलं.

"मला भीती वाटते," मी इंग्रजीत म्हणाले. पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं. "मला पोहता येत नाही."

"मी टू," ते शब्द शोधत म्हणाले. "आय अॅम अफ्रेड."

पोहता येत नाही असं त्यांना म्हणायचं नव्हतं. ते मला कळलं.

मी गेले. फळी धरून बसले. धक्का सोडण्याआधी काकांनी खिशातून पाव काढला, चीज लावलेला. प्रत्येक घास माझ्याकडे बघत चावला, गिळल्यावर तोंड उघडून दाखवलं. मग इंजिनाची दोरी कशी ओढायची ते दोनदा करून दाखवलं आणि मला ओढायला लावलं. माझ्या हातून ते सुरू व्हायला बराच वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही.

बाहेर पाणी तितकंच काळं होतं. लांबून फेरी गेली, तिच्या लाटेने बोट उचलली आणि मी ओरडले. ते हसले नाहीत. वेग कमी केला, बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं आणि त्या दिवशी हातातून सुटलेल्या सापळ्याचा लाल गोळा कुठे दिसतो का ते शोधायला लागले. मीही एक हात फळीवरून काढून, कपाळावर आडवा धरून, शोधायला लागले.