अकराव्या ओळीतला सहावा ठिपका

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. कोणी उतरवून टाकलेलं लिंबू रस्त्यात दिसलं तर ही उचलून सरबत करेल, अशी माझी ख्याती आहे. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

मी चित्रकार. हिंगोलीत ड्रॉइंगचे क्लास घेते, लग्नांत मोठ्या रांगोळ्या काढते. माहेर सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. गेल्या वर्षी कोडिंगने चित्रं काढायचं खूळ डोक्यात शिरलं. फुकटचे व्हिडिओ, जुना लॅपटॉप आणि शिकवायला कोणी नाही. पहिला आठवडा एक गोल काढण्यात गेला, तोही स्क्रीनच्या बाहेर निघून जायचा.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. मी मनाशी म्हटलं — हळदीला माहेरच्या अंगणात कॉम्प्युटरने रचलेली ठिपक्यांची रांगोळी काढायची. टेप लावून अंगण मोजलं, चोवीस फूट बाय अठरा. फुटाला एक ठिपका. चोवीस ओळी, ओळीत अठरा. ठिपके कोड टाकणार आणि भोवतीच्या रेषा दर वेळी आपल्या मनाने वळणार.

रन केलं. काय सुंदर दिसत होतं! फक्त अकराव्या ओळीतला सहावा ठिपका नव्हता. रेषा तिथवर यायच्या आणि वळसा घालून निघून जायच्या.

माझीच चूक असणार म्हणून सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. तेच. स्क्रीन खराब असेल म्हणून विंडो इकडेतिकडे सरकवली, तर रिकामी जागाही चित्राबरोबर सरकली. पुण्यातल्या मित्राला कोड पाठवला. त्याच्याकडे चारशे बत्तीसच्या चारशे बत्तीस ठिपके! "तुझा लॅपटॉप भंगारात घाल," म्हणाला. मी वैतागून होती तशी प्रिंट काढली आणि गावी गेले.

हळदीच्या दिवशी सकाळी सारवलेल्या अंगणात प्रिंट बघत ठिपके टाकले. आई मागे येऊन उभी राहिली.

"हितला ठिपका काहून सोडला?"

"प्रिंटमध्येच नाही, माय."

"मंग तुज्या हातानं टाक की. हात न्हाईत का तुला?"

खरं तर टाकायला काय झालं होतं? पण मला अक्कल जास्त. यंत्राने काढलंय तसंच उतरवायचं, नाहीतर कोड शिकायचा कशाला, असा माझा हट्ट. आईचाही पारा चढला, कारण मनीषाचा पाट नेमका त्याच जागी मांडायचा होता.

"अपुऱ्या रांगोळीवर मी लेकीला बसवणार न्हाई. पाट वसरीवर घ्या."

"वसरीवर एवढ्या बाया मावतील का?" मनीषा कुरकुरली.

"मांडीला मांडी लावून बसतील. तुजी बहीण लई शिकून राहिली, तिला सांग!"

दुपारी हळद सुरू झाली. ओसरीवर बायकांची ही दाटी, आणि सगळ्यांचे टोमणे मला. अंगण मोकळं दिसलं म्हणून मांडववाल्यांनी पाण्याने भरलेला ड्रम आणून बरोबर त्या रिकाम्या ठिपक्यावर ठेवला.

"अहो, माझी रांगोळी!" म्हणत मी उठले. पायरी उतरायच्या आत ड्रम जमिनीत गेला. आवाजही फार झाला नाही. धप्प... आणि आधी परातीएवढं भोक, मग खाटेएवढं.

आईने मनीषाला असं कवटाळलं की दोघींची तोंडं हळदीने माखली. मी खांबाला धरून खाली बसले आणि हमसून हमसून रडले. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं!

शेजारचे रशीदचाचा काठी टेकत आले, लांबूनच वाकून बघितलं. "पेव हाय हे, जवारी ठेवायचं. अब्बा सांगायचे, तुमच्या आंगनात हाय म्हणून. पन बराबर कुठं, ते त्यांनाबी ठाव नव्हतं."

दोन पुरुष खोल, जमिनीखालचं धान्याचं कोठार. आमच्या वडिलांना पत्ताच नव्हता. मी लहानपणी कुणाकडून ऐकलं असेन का? खूप आठवून पाहिलं. आणि ऐकलं असलं तरी जागा कुणालाच माहीत नव्हती, तर ती माझ्या कोडमध्ये कुठून येणार?

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. पेव मुरुमाने भरून घेतलं. हिंगोलीला परतल्यावर तोच कोड पुन्हा रन केला, एक अक्षरही न बदलता. सगळे ठिपके आले. त्यानंतर कितीतरी वेळा रन केला, सगळे येतात. मित्र म्हणतो, लॅपटॉप बिघडला होता आणि आपोआप सुधारला. असेल बाबा. खरं सांगू, दुसरं उत्तर शोधायची आता घाई नाही. बहीण धडधाकट आहे, रोज फोन करून डोकं खाते, मला तेवढं पुष्कळ आहे.

दिवाळीला मनीषा पहिल्यांदा माहेरी आली. तिला ओवाळायला पाट अंगणात मांडायचा, आणि त्याच जागी, असं मीच ठरवलं. तीच रांगोळी पुन्हा काढली आणि तेव्हा राहिलेला ठिपका टाकायला चिमटीत रांगोळी घेतली, तर आईने मनगट धरलं.

"थांब. आधी तुज्या लॅपटॉपात बघून घे."

मी निमूट आत गेले आणि एकेक ठिपका मोजला. चारशे बत्तीस. बाहेर येऊन ठिपका टाकला आणि मनीषाला म्हटलं, "बस."