पाचव्या लाईनचे तमाल

मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या हुआरेस शहरात, कारखान्यांत माणसाची पत कोटाच्या रंगावरून ठरते. लाईनवर बसणाऱ्यांना निळा, तपासणाऱ्यांना पिवळा, सुपरवायझरला गडद लाल आणि इंजिनियरला पांढरा. हर्लिंडा बाएसाचं अर्धं आयुष्य निळ्यातून लालात यायला गेलं. पोरसवदा वयात ती पाचव्या लाईनवर बसली आणि तिथेच तिच्या केसांत पांढरं डोकावलं. चार्जरच्या पोटात बसतात ते छोटे ट्रान्सफॉर्मर ही लाईन करायची. केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची, टोकांना डाख द्यायचा, वार्निशात बुडवायचं आणि पुढे सरकवायचं. लाल कोट मिळाल्यापासून हर्लिंडाचं काम एवढंच, की हे सरकणं थांबता कामा नये. थांबलं तर वरचे तिला धारेवर धरणार, आणि थांबू नये म्हणून तिने घाई केली की खालच्या बायका तिच्या नावाने बोटं मोडणार. मृदंगासारखी गत, दोन्हीकडून थापा.

तिला डाख द्यायला शिकवलं ते दोन्या चोलेने; वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो. चोले म्हणजे बारीक चणीची, फटकळ तोंडाची बाई. पहिल्याच दिवशी तिने हर्लिंडाच्या हातावर चापट मारली होती. "अगं, टोक तापू दे आधी! नवरा आहे होय तो, हात लावला की पेटायला?" सगळी लाईन खो खो हसली. हर्लिंडा लाजून रडकुंडीला आली आणि मग तीही हसली.

पुढे हर्लिंडाची आई गेली, तेव्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनेला ही चोले रोज कामावरून सुटून तिच्या घरी यायची, हातात कोंबडीच्या रश्श्याचं निळं भांडं घेऊन. हर्लिंडाने ते भांडं परत केलं तेव्हा त्यात राजमा घातला होता. आमच्या वस्त्यांत भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात दाणा नसेल तर मूठभर मीठ घालतात, दोन लिंबं टाकतात, पण रिकामं नाही. रिकामं भांडं पाठवलं म्हणजे तुमच्याशी संबंध संपला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी डिसेंबरात इंजिनियर आव्हालोसने हर्लिंडाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या हाताने तिला कॉफी ओतली. साहेब स्वतः कॉफी ओततो तेव्हा बातमी वाईट असते, हे तिला कपाकडे पाहताच कळलं.

"जानेवारी संपला की पाचवी लाईन बंद," तो म्हणाला. "मशीन परदेशी जाणार. पण त्याआधी ही शेवटची ऑर्डर निघायला हवी. बायकांना वास लागला तर अर्ध्या उद्याच दुसरीकडे पळतील. तेव्हा तोंड बंद. तुझी जागा दुसऱ्या इमारतीत ठेवली आहे, याच कोटात."

"आणि माझ्या बायका?"

"कायद्याप्रमाणे जे मिळायचं ते मिळेल त्यांना. साखर घे."

तिने साखर घेतली. बाई वाईट नव्हती हो. पण सुपरवायझरीला चिकटलेली दुसरी नोकरी कुणी सांगत नाही, ती म्हणजे गप्प बसण्याची. आणि निळ्या कोटातली थंडी तिला अजून आठवत होती. पहाटेच्या अंधारात फुटक्या काचांच्या बसची वाट पाहत उभं राहायचं, आणि कुणीही लाल कोटवाल्याने ये म्हटलं की यायचं, जा म्हटलं की जायचं.

वास मात्र लागलाच. तारेची रिळं कमी येऊ लागली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. बायका हर्लिंडाचं तोंड वाचायला बघायच्या आणि ती तोंड कोरं ठेवायची.

मग सहा जानेवारी आला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण. आमच्याकडे त्या दिवशी रोस्का कापतात. रोस्का म्हणजे साखरेत घोळलेल्या फळांच्या पट्ट्या लावलेला गोल गोड पाव, आणि त्याच्या पोटात लपवलेला प्लास्टिकचा बोटभर बाळ येशू. ज्याने त्याने आपला तुकडा आपणच कापायचा. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने दोन फेब्रुवारीला, कॅन्डेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमाल, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले सारण भरलेले पिठाचे मुटके, खाऊ घालायचे. त्या खर्चाच्या भीतीने लोक काय काय करतात! कुणी बाळ गालात दाबतं, कुणी चक्क गिळतं. पाचव्या लाईनवरच्या बेरेनीसने एका वर्षी बाळ गिळलं आणि दोन दिवस पोट धरून बसली. तेव्हापासून तिला सगळ्या 'कुमारी माता' म्हणत.

कॅन्टीनच्या टेबलावर पाचव्या लाईनच्या रोस्क्यात हर्लिंडाने सुरी घातली ती खट्कन अडकली. पावातून दोन पांढरे पाय बाहेर आले. लपवायची सोयच नव्हती, सगळ्या टक लावून बघत होत्या.

"बाईंना निघालं! बाईंना निघालं!" बेरेनीस टेबल बडवायला लागली. "आता कोटाला खिसे किती ते कळेल!"

"डुकराच्या मांसाचे हवेत हं, लाल मिरचीतले. नुसतं पीठ उकडून आणाल!"

"यंदा बाई आजारी पडणार बघा त्या दिवशी!"

हर्लिंडाही हसत होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणी तिच्या तोंडाकडे संशयाने बघत नव्हतं. त्या हसण्याच्या भरात, दरवर्षी जो कोणी सापडतो तो जे म्हणतो तेच ती म्हणाली, "आजारी पडेल माझी सवत. कॅन्डेलारियाला, इथेच, याच टेबलावर. पोट फुटेस्तोवर खा."

म्हणून झाल्यावर तिला आपण काय म्हणालो ते कळलं. टेबलाभोवती एकदम सगळ्यांचे खांदे सैल झाले.

"ऐकलं का?" एक जण दुसरीला म्हणाली. "म्हणे लाईन बंद होणार. बंद होणार असती तर बाईंनी तमाल कबूल केले असते?"

बाळाच्या नावाने दिलेला शब्द. त्यावर कोण शंका घेणार? चोले कोपऱ्यात बसून आपला तुकडा कॉफीत बुडवत होती. तिने हर्लिंडाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

त्याच आठवड्यात ती मशीनच्या आड हर्लिंडापाशी आली. मनगटाला अंगातली स्थिर वीज उतरवणारा पट्टा तसाच लोंबत होता.

"एक विचारायचंय. माझ्या भाचीच्या कारखान्यात जागा निघालीय, मोटारींच्या वायरी बांधायची. तिचा सुपरवायझर तिच्या पोराचा धर्मपिता आहे, तो माझं वय बघणार नाही म्हणतो. पण शुक्रवारपर्यंत हो म्हणायला हवं."

"मग?"

"मग काय? इथे मला सगळं ठाऊक आहे. तिथे नवीन पोरींच्या हाताखाली जायचं या वयात. पण घरी नात आहे. तिची आई नदी ओलांडून अमेरिकेत गेली ती गेलीच, तुला माहीत आहे. माझा पगार थांबला तर पोरीच्या पोटात काय घालू?" चोलेने आवाज खाली आणला. "तू सांग, हर्लिंडा. जाऊ की राहू?"

तिने बाई म्हटलं नाही, नावाने हाक मारली. जा, आजच जा, एवढं म्हणायला हर्लिंडाला किती वेळ लागला असता? पण चोले गेली असती तर तिच्यामागे निम्मी लाईन गेली असती, कारण चोले उठली की बायका उठत. ऑर्डर अडकली असती आणि दुसऱ्या इमारतीतला लाल कोट दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चढला असता. काचेपलीकडे आव्हालोस उभा राहून फोनवर बोलत होता.

"अगं, तमाल खाऊन तरी जा," हर्लिंडा म्हणाली.

चोले हसली. मोठ्या समाधानाने हसली. "बरं बाई. तुझ्या हातचे आहेत म्हणजे मीठ कमीच असणार, पण राहते."

खोटं म्हणावं तर ते खोटं नव्हतं, नुसती थट्टा होती. पण मला विचाराल तर सरळ खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. खोटं पकडता येतं, त्यावर भांडता येतं. थट्टेला कुठे धरणार?

ऑर्डर वेळेवर निघाली. शेवटची खोकी ट्रकवर चढली त्या दुपारी पाचव्या लाईनच्या बायकांना कॅन्टीनमध्ये बसवलं आणि एका अनोळखी बाईने एकेकीला बोलावून लाईन बंद झाल्याच्या कागदावर सह्या घेतल्या. आरडाओरडा झाला, दोघी-तिघी रडल्या. बेरेनीस हर्लिंडासमोर येऊन उभी राहिली. "तमाल पार्सल देणार का, बाई?" तिने विचारलं आणि थुंकली. चोलेने मात्र मनगटाचा पट्टा काढला, नीट गुंडाळला आणि हर्लिंडाच्या हातात ठेवला, जसा रोज पाळी संपल्यावर खणात ठेवायची तसा.

कॅन्डेलारियाच्या आदल्या दिवशी हर्लिंडाने मक्याची पानं भिजत घातली. कुणासाठी, हे तिला विचारायला घरात कोणी नव्हतं. बाळ निघालं की तमाल करायचे. तिच्या आईने अंगात ताप असतानाही केले होते. हर्लिंडाने मिरच्या भाजल्या, मांस शिजवलं, पिठाची गोळी पाण्यावर तरंगेपर्यंत पीठ फेटलं. मिठाची चव तिने तीनदा घेतली. मग कॅन्डेलारियाच्या दिवशी आईचं उकडायचं मोठं भांडं कापडात बांधून ती बसने शहराच्या टोकाच्या अनाप्रा वस्तीत गेली, चोलेच्या घरी.

वारा सुटला होता आणि रस्ताभर धूळ उडत होती. चोलेने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. आतून नातीचा खोकला ऐकू येत होता.

"तमाल आणलेत," हर्लिंडा म्हणाली. "सगळ्यांना पुरतील. तुझ्याकडे येतात ना सगळ्या, म्हणून..."

"भाचीच्या कारखान्यात गेले होते," चोले म्हणाली. "जागा भरली. आणखी तीन ठिकाणी गेले. गेटवरचा शिपाईच वय विचारतो आणि आत सोडत नाही."

"मी दुसऱ्या इमारतीत विचारीन."

"विचारलंस?"

हर्लिंडाने विचारलं होतं. आव्हालोस म्हणाला होता, पस्तिशीच्या पुढची एकही नको. तिने भांडं उंबऱ्यापाशी खाली ठेवलं.

"रोस्का कापला तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"हो."

हर्लिंडाला वाटलं, आता चोले चापट मारेल, पहिल्या दिवशी मारली होती तशी. मारावी असं तिला मनापासून वाटत होतं. पण चोलेने वाकून भांडं उचललं. "पोरीला भूक लागलीय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या इमारतीत हर्लिंडाला नवी लाईन मिळाली. बायका अनोळखी होत्या. "बाई, इथे तरी सगळं ठीक आहे ना?" असं एकीने विचारलं, तेव्हा तिने तोंड कोरं ठेवलं. त्याची तिला आता सवय झाली होती. आणि ती रोज घरी आल्यावर आधी पायरीकडे बघायची.

एका संध्याकाळी भांडं पायरीवर होतं. कुणी आणून ठेवलं ते शेजारणीलाही कळलं नव्हतं. राखेने घासून लखलखीत केलेलं, तेच कापड धुऊन त्याला गाठ मारलेली. उचलताच ते हलकं लागलं, तरी तिने घाईने गाठ सोडली. मीठ हलकंच असतं, एखाद्या लिंबाला तरी काय वजन असतं? झाकण काढून तिने आत पाहिलं. स्वयंपाकघरात उजेड कमी म्हणून ते दिव्याखाली नेलं. मग हात आत घातला आणि तळ कडेपर्यंत चाचपून पाहिला.