आतलं अस्तर

डोकं दुखणाऱ्या माणसावर आबांइतकी माया करणारा दुसरा माणूस उभ्या बारामती तालुक्यात झाला नसेल. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळा परिचर होते आणि प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना आबा म्हणत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं नवा प्राध्यापक म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कपाळ चोळताना पाहिलं. हातातली बेडकाची बरणी खाली ठेवून त्यांनी चौकशी मांडली : दुखणं हळूहळू चढलं की एकदम घाव बसल्यासारखं आलं, मान आखडली का, एकाचे दोन दिसतात का. मला एस.टी.त ऊन लागलं होतं, एवढंच. गणिताच्या एका सरांचा तर त्यांनी महिनाभर पिच्छा पुरवला आणि त्यांना पुण्याला मेंदूचा फोटो काढायला धाडलं. फोटो स्वच्छ निघाला, दोष चष्म्याच्या नंबरात होता. सर चिडून परत आले, पण आबांना इतका आनंद झाला की त्यांनी अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला.

आबा मूळचे लोणी भापकरचे. वडिलांची मेंढरं होती, पण आबांनी मटण सोडून बरीच वर्षं झाली होती. तरी दर रविवारी ते मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभे असत, आणि पाळी आली की मेंढीच्या मेंदूच्या बुडाशी असतात त्या दोऱ्याएवढ्या रक्तवाहिन्या मागत. दुकानदाराला वाटे हा माणूस करणी-बिरणी करतो, म्हणून तो पैसे न घेता पुडी हातावर ठेवी. ती पुडी घेऊन आबा प्रयोगशाळेत येत, ब्लेडनं ती इवलीशी नळी उभी चिरत, धूत, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवत आणि खिडकीत उन्हाला ठेवत. त्या औषधानं त्यांची बोटं कायम काळी असायची. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं शाई लावायला त्यांचा हात पुढं ओढला आणि दहाही बोटं बघून पोलिसालाच हाक मारली. सोडवायला मला जावं लागलं.

हे सगळं कशासाठी, ते मला वर्षभरानं कळलं. एका दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. भिंगाखाली रक्तवाहिनीचं आतलं अस्तर पसरलं होतं, एकेरी थराच्या चपट्या पेशी आणि त्यांच्यामधल्या, त्या औषधानं उमटलेल्या काळ्या रेघा. नळी सरळ जात होती तिथं सगळ्या पेशी लांबट होऊन रक्ताच्या दिशेनं ओळीनं पडल्या होत्या.

"मेंढरं वाटंला लागल्यावानी," आबा म्हणाले. मग त्यांनी काच जराशी सरकवली. नळीला जिथं फाटा फुटत होता, तिथल्या पेशी आखूड, वेड्यावाकड्या, कुणाचं तोंड कुणीकडं. "आन हितं बघा. रगात येऊन आदळतंय. बुजल्यात समद्या. भनीचं हितंच फुटलं."

त्यांची धाकटी बहीण इंदापूर तालुक्यात कळसला दिली होती. एकदा ती माहेरी आली तेव्हा आईच्या शिलाई मशीनवरून दोघांचं भांडण झालं. आबांनी तिला नाही नाही ते ऐकवलं आणि ती न जेवता एस.टी.त बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मशीन टेम्पोत चढवत होते, कळसला नेऊन द्यायला, तेवढ्यात निरोप आला. नळावर पाणी भरताना, डोकं फुटतंय, एवढं बोलून ती कोसळली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. फाट्यापाशी आतलं अस्तर खराब होऊन भिंत कमजोर झाली, फुगा आला आणि फुटला. दोन दिवसांत ती गेली. तेराव्यानंतर आबा कळसला परत गेले नाहीत.

पुढं आमच्या कॉलेजात मेंदूच्या एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. प्रश्न विचारा म्हटल्यावर सगळ्यात मागून आबा उठले. असा फुगा किती दिवसांत होतो, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिवसांत नाही, अस्तराच्या पेशी वर्षानुवर्षं बिघडत जातात, माणसाला पत्ताही नसतो.

"मंग भांडनानं फुटतो का?"

रागात रक्तदाब चढतो, त्यानं फुटू शकतो, पण तो खोकल्यानंही फुटतो आणि झोपेतही फुटतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या एका दिवसाचं कारण कुणालाच सांगता येणार नाही.

"म्हंजी भांडनानं फुटला न्हाय, असं बी म्हनता येत न्हाय."

"नाही येत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

आबा खाली बसले. त्यानंतर त्यांचं रविवारी रांगेत उभं राहणं बंद झालं. दोन महिने त्यांनी कुणाच्या डोकेदुखीची चौकशीसुद्धा केली नाही, आणि आम्हाला चुकल्यासारखं व्हायला लागलं.

जूनमध्ये अकरावी सायन्सला कळसची एक मुलगी आली. पहिल्या प्रॅक्टिकलला तिला दारात बघितलं आणि आबा सामानाच्या खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या प्रॅक्टिकललाही तेच. तिसऱ्या खेपेला तीच आत गेली. दार उघडं होतं आणि मी जवळच होतो.

ती आबांच्या बहिणीची मुलगी, आई गेली तेव्हा आठ वर्षांची होती. "मामा, तुमी येतच न्हाय," ती म्हणाली. आबांनी मान खाली घातली आणि भांडणाचं सगळं तिला सांगून टाकलं, तुझी आई माझ्यावर रागावून गेली, असं.

"रागावून?" मुलीला कळेना. "त्या सांजंला आई भाकरी करता करता तुमची नक्कल करत हुती. आमी हसून हसून लोळत हुतो. म्हनली, बघा, दोन दिसांत मशीन घिऊन दादाच दारात हुभा राहील."

आबांनी विचारलं, आई नक्कल कशी करायची.

मुलगी लाजली. मग वही बाजूला ठेवून तिनं कमरेवर हात ठेवला, छाती पुढं काढली आणि आवाज जाड करून ती म्हणाली, "या घरात माजं चालतं."

"न्हाय," आबा म्हणाले. "मान वाकडी करायची तुजी आई. ल्हानपनापस्नं." आणि त्यांनी स्वतःच मान वाकडी करून दाखवली.

मुलीनं पुन्हा केलं.

"आजून थोडी," आबा म्हणाले.

तिनं तिसऱ्यांदा केलं. मी तिच्या आईला कधी पाहिलं नव्हतं. आबा मात्र त्या पोरीकडं असे बघत होते, की मी हळूच दार लोटून घेतलं.